एवढ्याशा देशातली एम्बसी आपल्याला काय कामाची?

या वेळचं पत्र बेळगावजवळच्या मच्छेहून आलंय. नाव घालू नका म्हणालाय, म्हणून घालत नाही, बाकी थोडं कापून देते.

"अक्का, माझं मच्छेला छोटं वर्कशॉप आहे, चार पोरं कामाला. काजू फोडायची मशीनं करतो, पायानं चालणारी पण आणि मोटरवरची पण. खानापूर, चंदगड, आजरा इकडं माल जातो. मशीनचा व्हिडिओ टाकला होता तो बघून आफ्रिकेतल्या टोगो देशातून दोन मेल आले. एक बायकांच्या सहकारी गटाचा, ट्रायलला दोन मशीनं पाहिजेत म्हणतात. दुसरा म्हणतो सरकारी टेंडर आहे, साठ मशीनं, पण आधी रजिस्ट्रेशनचे १,८५० युरो भरा. मी म्हटलं तिथल्या भारताच्या एम्बसीला विचारू, तर बाबा हसले, म्हणाले एम्बसी टाटा-बिर्लांसाठी असतंय, तुझं पत्र कोण वाचणार. मित्र म्हणतो एवढासा देश कशाला, दुबई बघ. तुम्ही एवढी वर्षं एक्स्पोर्टचे कागद केलाय, एम्बसीचा आमच्यासारख्याला खरंच उपयोग होतो काय?"

तम्मा, आधी ते १,८५० युरो. भरू नकोस. अर्धे पण नको, "आधी अर्धे भरा बाकीचे नंतर" म्हणाले तरी नको. पश्चिम आफ्रिकेच्या नावानं हा खेळ किती वर्षं चाललाय, कधी कुठल्या मंत्रालयाचं टेंडर, कधी इकोवासचं, म्हणजे तिकडच्या देशांच्या संघाचं टेंडर, आणि प्रत्येकात माल जायच्या आधी पैसे तुझ्याकडून तिकडं जातात, पहिलं रजिस्ट्रेशन, मग वकील, मग कसलंतरी सर्टिफिकेट, आणि एकदा १,८५० गेले की ते वाचवायला म्हणून माणूस अजून ३,००० घालतो. खऱ्या टेंडरला पण फी असते, नाही म्हणत नाही, पण ती खात्याच्या नावावर जाते, कुणा मिस्टरच्या खात्यावर नाही. आणि ज्यानं तुझं मशीन डोळ्यांनी बघितलं नाही, स्पीड विचारला नाही, आख्खा दाणा किती टक्के निघतो ते विचारलं नाही, तो एका झटक्यात साठ मशीनं घेतो म्हणतो, हे तुझ्या पोटात दुखायला पाहिजे होतं.

आता एम्बसी. बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे असं मला वाटायचं, २००३ सालापर्यंत.

तेव्हा मी उद्यमबागेत एका कारखान्यात होते, पिठाच्या गिरणीचे पार्ट आणि पंपाचे कास्टिंग बाहेर जायचे. आफ्रिकेतल्याच एका छोट्या देशातून मोठी ऑर्डर आली, लेटरहेड बघशील तर सोनेरी अक्षरं. मालक खूश. मला काय ते पटेना. त्या देशात आपली एम्बसीच नव्हती, शेजारच्या देशातली एम्बसी दोन्हीकडचं बघायची. मी तिकडं तीन पानी फॅक्स केला, कंपनी कधी सुरू झाली, मालकांचे वडील काय करायचे, किती कामगार, आमच्या देशसेवेची संधी वगैरे, आणि शेवटी "तरी योग्य ते सहकार्य करावे". उत्तर आलंच नाही. मी पण बाबांसारखंच म्हटलं, बघा, आपलं कोण वाचतंय.

मग वास्कोचा आमचा शिपिंग एजंट म्हणाला, मॅडम, तुम्ही विचारलंय काय त्यात? मी फॅक्स परत वाचला तर खरंच, तीन पानांत प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी पाच ओळी पाठवल्या, कंपनीचं नाव, पत्ता, फोन, आणि एकच प्रश्न, अशी कंपनी या पत्त्यावर आहे का. नवव्या दिवशी उत्तर. त्यांनी तिथल्या ऑफिसचा माणूस पत्त्यावर पाठवला होता, तिथं शिंप्याचं दुकान होतं, आणि शिंपी म्हणाला माझ्या पत्त्यावर परदेशातून सारखी पत्रं येतात, मला पण कळेना का. मालकांनी ते वाचलं, काही बोलले नाहीत, चहा सांगितला. त्या गुळगुळीत फॅक्सच्या कागदावरची शाई उडते ना, तो कागद आता पार कोरा झालाय, तरी मी फाइलला ठेवलाय.

तर उपयोग होतो की नाही हा प्रश्नच सोड, तू विचारतोस काय यावर सगळं आहे.

आणि देश छोटा आहे म्हणून उपयोग कमी असं तुझ्या मित्राला वाटतंय ना, मला उलटं वाटतं. दुबईला काय, आपली माणसं गल्लोगल्ली आहेत, बँका आहेत, मशिनरीचे दलाल आहेत, कुणाच्या तरी मामाचा मित्र तिथं असतोच, एम्बसी नसली तरी तुझं काम अडत नाही, आणि तिथल्या कॉन्सुलेटला तुझ्यासारखे हजार मेल येतात. लोमेत तुझं कोण आहे? लोमे म्हणजे टोगोची राजधानी. देशाची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत साधारण ८१ लाख, आपला बेळगाव जिल्हा २०११ च्या जनगणनेत जवळजवळ ४८ लाख होता, म्हणजे दोन बेळगाव जिल्हे पण पुरते होत नाहीत. अशा ठिकाणी राजदूताला तिथल्या चेंबरचा, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष नावानं माहीत असतो, काजूचा धंदा कोण करतंय, कोण बुडालंय, कोण नुसताच सूट घालून मीटिंगला येतंय, हे सगळं दोन-तीन वर्षांत कळतं. मोठ्या देशात ही माहिती विकत घ्यावी लागते.

पण त्याची दुसरी बाजू पण ऐक. छोट्या एम्बसीत भारतातून गेलेले अधिकारी मोजून थोडेच असतात. त्यातलाच एक जण पासपोर्ट बघतो, आपला कुणी तिथं वारला तर बॉडी पाठवायचं बघतो, कुठल्या पोराला एजंटनं फसवून नेलं तर त्याला सोडवतो, आणि व्यापार पण तोच बघतो. म्हणून पाच ओळी. त्याचा वेळ खाऊ नकोस म्हणजे तो तुझं काम करतो.

टोगोत तर आपली एम्बसी अलीकडचीच. आधी ते सगळं घानाच्या आक्राहून बघितलं जायचं. २०१८ ला केंद्रानं आफ्रिकेत १८ नवीन मिशन, म्हणजे एम्बसीसारखी ऑफिसं, उघडायचं मंजूर केलं, २९ देशांत होती ती ४७ वर न्यायची म्हणून, त्यात रवांडा, गिनी बिसाऊ, टोगो असले देश होते. आता दिल्लीनं हे काय काजूच्या मशीनसाठी केलं नाही, चीन तिथं किती वर्षं ठाण मांडून बसलाय, युनोत मतं लागतात, ती कारणं आहेतच. असू देत की. रस्ता कुणासाठी का केला असेना, आपली गाडी जाते ना त्यावरनं.

बरं, एवढासा देश म्हणून हसू नका. निपाणी केवढी आहे? पण तंबाखू म्हटलं की कुठनं कुठनं व्यापारी येऊन उतरायचे. लोमेचं बंदर तसं आहे, खोल पाण्याचं, बुर्किना फासो, नायजर या समुद्र नसलेल्या देशांचा माल पण तिथं उतरतो. आणि चलन बघ, सीएफए फ्रँक, आठ देशांत एकच चालतं, टोगो, बेनिन, आयव्हरी कोस्ट, सेनेगल, गिनी बिसाऊ सगळे त्यात, आणि त्याचा भाव युरोला बांधलेला. म्हणजे एका ठिकाणी तुझं मशीन चाललं तर पुढची गिऱ्हाइकं त्याच पैशात हिशोब करणारी आहेत, आणि यातले बरेचसे काजूवाले.

बाबांना एकदा किर्लोस्कर रोडला घेऊन जा आणि ही गोष्ट सांग. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ ला आपल्या बेळगावातच सायकलचं दुकान काढलं, मग नांगर करायला लागले, आणि इथली जागा म्युनिसिपालटीच्या कारभारात हातची गेली. मोठ्या गावाला त्यांची गरज वाटली नाही. औंध, एवढंसं संस्थान, तिथल्या पंतप्रतिनिधींनी बोलावून माळावरची जमीन दिली, कर्ज दिलं, १९१० ला किर्लोस्करवाडी झाली. छोट्या दरबारात माणूस नजरेत भरतो, हा हिशोब तेव्हाचा आहे. आणि पुढं किर्लोस्करांचे पंप सेनेगलच्या भातशेतीत गेले ना, ते भारत सरकारनं एक्झिम या आपल्या सरकारी बँकेतून दिलेल्या कर्जावर. त्याला लाइन ऑफ क्रेडिट म्हणतात, तो देश कर्ज घेतो आणि त्यातला साधारण ७५ टक्के माल नि सेवा भारतातूनच घ्यायची अट असते, आणि त्या सरकारची मागणी दिल्लीला जाते ती एम्बसीतनंच. तुझ्या दोन मशीनला हे लागू नाही, पण उद्या असल्या कर्जावर तिथं काजूचा प्रोजेक्ट निघाला तर सप्लायर शोधताना एम्बसीच्या फाइलला तुझं नाव असलं पाहिजे, एवढ्यासाठी सांगितलं.

अजून एक आतली गोष्ट, ही फारशी कुणी सांगत नाही. १९६४ पासून भारत आयटेक नावानं बाहेरच्या देशांच्या लोकांना इथं आणून ट्रेनिंग देतो, विमान-राहणं-खाणं सगळं आपलं. त्यातली माणसं परत जाऊन शेती खात्यात, उद्योग खात्यात बसलेली असतात, आणि एम्बसीकडं त्यांची यादी असते, वर्षातनं एकदा त्यांना जेवायला पण बोलावतात. तू एम्बसीला विचार, काजू किंवा फूड प्रोसेसिंगमध्ये असा कुणी आहे काय. जो माणूस दोन महिने इथं डाळ-भात खाऊन गेलाय तो तुझ्या मेलला उत्तर देतो.

आता मेल कसा लिहायचा. एम्बसीच्या वेबसाइटवर कमर्शियलचा मेल दिलेला असतो, शेवटी गव्ह डॉट इन आहे ना बघून घे, कारण एम्बसीच्या नावानं पण खोटे मेल फिरतात. त्यात लिही, मी बेळगावहून काजू फोडायची मशीनं करतो, एच.एस. कोड (कस्टमवाले मालाचा प्रकार ओळखतात तो नंबर) ८४३८.६०, आयईसी (आयात-निर्यात करायला लागतो तो नंबर) हा. मग तीन प्रश्न, एक, हा सहकारी गट या पत्त्यावर आहे का, आणि खरंच काजू फोडतात का. दोन, हे टेंडर खरं आहे का, नंबर हा. तीन, या कोडच्या मशीनवर तिथं ड्युटी किती, आणि तिथं काजू प्रोसेसिंग करणाऱ्यांची यादी मिळेल का. मशीनचा एक फोटो जोड, व्हिडिओ नको, तिथलं नेट बघून. "महोदय" च्या पुढं तुझ्या आजोबांपर्यंत जाऊ नकोस.

आणि एक वाक्य मात्र नक्की घाल, की हे मशीन वापरून काजू तिथंच फोडता येतो. का सांगते. तिकडच्या देशांना आता कच्चा काजू बाहेर पाठवायचा नाहीये, शेजारच्या बेनिननं तर १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूची निर्यातच बंद केली, आणि टोगोनं पण लोमेजवळ आदेतिकोपेला मोठी इंडस्ट्रियल इस्टेट केली आहे, आपला माल आपणच तयार करायचा म्हणून. तिथला मंत्री आपल्या राजदूताला भेटला की हेच बोलतो, तुम्ही नुसतं कच्चं नेता, आम्हाला काय? अशा वेळी राजदूताच्या हातात द्यायला काहीतरी लागतं आणि ते तुझं मशीन असू शकतं. छोट्या देशाशी व्यापार वाढवायचा म्हणजे नुसता आपला माल खपवायचा असं नसतं, त्यांना काय पाहिजे ते एम्बसीला आधी कळतं, आपल्याला शेवटी.

इथं मला थोडं अडखळायला होतंय, ते पण लिहिते. आपल्या खानापूर-चंदगडच्या कारखान्यांत आफ्रिकेचा कच्चा काजू येतो म्हणून बारा महिने काम चालतं, आपला स्वतःचा काजू तेवढा पुरत नाही. २००८ ला भारतानं गरीब देशांसाठी ड्युटी सवलतीची योजना जाहीर केली त्यात काजूचं नाव मुद्दाम होतं, ते काय नुसतं त्यांच्यावर उपकार म्हणून नव्हतं. आता ते तिथंच फोडायला लागले तर आपल्या बायकांचं काय? मी एकदा खानापुरात काजू फोडायच्या शेडमध्ये बसले होते, एरंडेल लावूनसुद्धा बायकांची बोटं टरफलाच्या तेलानं काळी पडलेली, एकजण म्हणाली अक्का, लग्नातल्या फोटोत मी हात मागं घेतलेत. ते काम गेलं तर तिला वाईट वाटेल काय की सुटल्यासारखं वाटेल, मला सांगता येत नाही, पण घरात पैसा कमी येईल हे नक्की. तरी तुला थांब म्हणणार नाही, कारण तू नाही दिलंस तर व्हिएतनामचं मशीन तिथं जाणारच, ते यात आपल्या कितीतरी पुढं आहेत. फक्त तुझं मशीन इथंही बायकांना बसून वापरता येईल आणि बोटं वाचतील असं कर, हे माझं तुला वेगळं मागणं.

आता एम्बसी काय करत नाही ते. एम्बसी अडत्या नाही. मार्केट यार्डात अडत्या कमिशन घेतो आणि शेतकऱ्याच्या पैशाला जबाबदार राहतो, एम्बसी दमडी घेत नाही आणि जबाबदारी पण घेत नाही. पत्ता खरा आहे म्हणाले म्हणजे पैसे बुडणार नाहीत असं नाही. बुडले तर फार फार तर त्या माणसाला फोन करतील, चेंबरला एक पत्र घालतील, छोट्या गावात त्या फोनचा वजनदार उपयोग होतो कधी कधी, पण वसुली, कोर्ट हे त्यांचं काम नाही. त्यासाठी ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यातीचा विमा बघ, ते गिऱ्हाइकाची पत पण तपासतात. दोन मशीनला एलसी, म्हणजे बँकेच्या हमीचं पत्र, वगैरेच्या भानगडीत पडू नकोस, बँकेचा खर्चच मशीनएवढा होईल. पूर्ण नाही तर निम्मं तरी ॲडव्हान्स घे, बाकीचं माल चढायच्या आधी. खरा गट असला तर घासाघीस करेल पण देईल.

गावातल्या गावात पण कामं आहेत. इंजिनिअरिंग मालाच्या कौन्सिलची, ईईपीसीची मेंबरशिप घे, त्याशिवाय मेळ्याच्या सवलती मिळत नाहीत. सरकारचं ट्रेड कनेक्ट म्हणून पोर्टल आहे, सप्टेंबर २०२४ ला सुरू झालं, त्यावर आयईसी टाकून थेट बाहेरच्या मिशनच्या अधिकाऱ्यांना प्रश्न टाकता येतो, १८० च्या वर अधिकारी त्याला जोडले आहेत म्हणून सांगितलं होतं सुरू करताना. मेल आणि पोर्टल दोन्हीकडून विचार, जिथनं आधी येईल तिथनं. टोगोची स्वतःची एम्बसी पण दिल्लीत आहे, त्यांच्या बायकांना कधी मशीन बघायला इकडं यायचं झालं तर व्हिसाचं मात्र आपल्या लोमेच्या एम्बसीला विचारायचं, आणि तेव्हा तुझं बोलावण्याचं पत्र लागेल.

भाषा फ्रेंच. मशीनवरची पाटी, कसं चालवायचं ते पान, इनव्हॉइस, सगळं फ्रेंचमध्ये करून दे. आपल्याला काय त्याचं, घरात मराठी, दुकानाची पाटी कन्नड, बिल इंग्लिश, तीन भाषांत धंदा करायची सवय आहे, चौथी घाल. कॉलेजात फ्रेंच शिकवणारं कुणीतरी सापडेल, कॉम्प्युटरवर तर्जुमा करून तसाच पाठवू नकोस, आम्ही एकदा "तेल घाला" चं भलतंच काहीतरी करून पाठवलं होतं. करंट ५० हर्ट्झच आहे तिकडं, मोटर बदलावी लागणार नाही, पण गावात लाइट किती वेळ असते ते त्या बायकांना विचार, मला वाटतं तुझं पायानं चालणारं मशीनच आधी जाईल. आणि माल चढायच्या आधी त्यांच्याकडचा बीईएससी नावाचा कार्गोचा कागद काढायचा असतो, फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवणाऱ्या एजंटला, विसरू देऊ नकोस, तो नसला की लोमेला दंड पडतो आणि गिऱ्हाईक तुझ्या नावानं बोंबलतं. लाकडी पेटीला धुरी दिल्याचा शिक्का पण लागतोच.

हे सगळं करायच्या आधी एक बघ. आयईसी काढलास तेव्हा ५०० रुपये भरलास आणि विसरलास असं असेल, तर ते दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन अपडेट करावं लागतंय, काही बदल नसला तरी. नाहीतर नंबर बंद पडतो. लॉगिन करून बघ, चालू असेल तर आजच मेल टाक, आणि उत्तर आलं की बाबांना दाखवायच्या आधी मला पाठव.

— अक्का